आधी पंगत, मग हिशोब: कृपा, आज्ञापालन आणि न्याय यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांना सलाम. ठाण्यातल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपली की चहा असतो आणि खरे प्रश्न तिथेच निघतात, उपदेश चालू असताना कोणी हात वर करत नाही. मी पाळक (पास्टर) नाही, बुधवारची बायबल स्टडी घेतो आणि बाकीचे दिवस महापेला एमआयडीसीत नोकरी. तेच तेच प्रश्न चहावर, ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येत राहिले म्हणून शेवटी एकदाचं लिहून काढलं. क्रम काही लावलेला नाही, जसे आले तसे.

शुभवर्तमान म्हणजे नक्की काय? थोडक्यात सांगा.

आपण सुधारायच्या आधीच देवाने येशूमध्ये आपल्याला आपलं म्हटलं, हे. रोमकरांस ५:८ बघा, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आणि दुसरी बाजू लूक ४ मध्ये, नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं पुस्तक उघडून दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांना सुटका असं वाचतो आणि हे आज पूर्ण झालं म्हणतो. दोन्ही बाजू एकाच नाण्याच्या. आपल्याकडे पहिलीवर गाणी भरपूर, दुसरीवर कमी.

तारण फुकट मिळतं तर मग चांगलं वागायचंच कशाला? माझा मुलगा कॉलेजला आहे, त्याने विचारलं आणि मी गप्प.

गप्प बसू नका, प्रश्न चांगलाय, रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलालासुद्धा विचारला गेला होता (रोमकरांस ६ ची सुरुवातच तिथून आहे). मला याचं उत्तर जक्कयच्या गोष्टीत सापडतं, लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंचीने बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला, हे सगळं संडे स्कूलमध्ये आपण पाठ केलंय. पण क्रम बघा. येशू झाडाखाली थांबून, आधी सगळ्यांचे पैसे परत कर मग तुझ्या घरी येतो, असं म्हणत नाही. तो म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. संपलं. गावातले लोक चिडले ते यावरच, की याच्याकडे कसा काय गेला. आणि मग घरात पाहुणा आल्यावर जक्कय स्वतःहून उभा राहतो आणि हिशोब काढतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. आता गणना ५:७ प्रमाणे चूक कबूल करून परत करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायचं होतं. म्हणजे नियमाने ज्याला वीस टक्के जास्त द्यायचे होते तो चारपट देतोय, आणि कोणी मागितलेलंही नाही. (जेवण झालं की नाही ते लूक लिहीत नाही, पण पाहुणा घरी आला म्हणजे पंगत बसलीच असणार असं आपण आपलं धरून चालू.)

तर आधी पंगत, मग हिशोब. उलटा क्रम लावला की धर्म होतो वसुलीचा. आणि पंगतीला बसून हिशोबच काढला नाही तर त्याला जर्मनीच्या डिट्रिश बोन्होफर नावाच्या पाळकाने १९३७ मध्ये शब्द वापरला, स्वस्त कृपा. हिटलरच्या काळात चर्च भरलेली होती आणि शेजारच्या ज्यूचे हक्क काढून घेतले तरी आत गाणी चालू होती, अशा ठिकाणी बसून त्याने हे लिहिलं. त्याला ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिलं. इफिसकरांस २ मध्ये ८ आणि ९ वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो, कृपेनेच तारण, कर्माने नाही. १० वं वचन फ्रेममध्ये मावत नाही बहुतेक. त्यात लिहिलंय की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय.

म्हणजे कॅथलिक लोक कर्माने आणि आपण विश्वासाने, असंच ना?

नाही हो. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी नीतिमान ठरवलं जाणं या विषयावर एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण शेजाऱ्याला टोमणा मारायचं हे कारण तरी संपलं. माझी शेजारीण तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये मिस्साला जाते, ती क्रूस म्हणते मी वधस्तंभ म्हणतो, कृपेबद्दल ती माझ्यापेक्षा बरं बोलते.

आज्ञापालन म्हटलं की मला नियमांची यादी आठवते. गणपतीचा प्रसाद खायचा का, टिकली लावायची का, सिनेमा बघायचा का?

यादी नको, योहान १४:१५ बघा, माझ्यावर प्रेम असलं तर माझ्या आज्ञा पाळाल. प्रेम आधी आलंय वाक्यात. प्रसादाबद्दल १ करिंथ ८ ते १० वाचा, पौल तिथे तीन अध्याय या विषयावर बोलतो आणि शेवटी सद्सद्विवेक आणि दुसऱ्याला अडखळण नको यावर येतो. एका घरात घेतात, एका घरात प्रेमाने नाही म्हणतात, दोघांनी एकमेकांना नावं ठेवू नयेत. पण एक सांगू का, आम्ही एकदा बुधवारी प्रसादावर दीड तास वाद घातला. कामवाल्या मावशींच्या पगारावर मी कधी पाच मिनिटंसुद्धा चर्चा ऐकली नव्हती.

न्याय हा राजकारणाचा विषय, मंडळीत कशाला आणता?

हा प्रश्न नेहमी थोड्या रागात येतो. आमोस वाचलाय का कोणी पूर्ण? ५ व्या अध्यायात देव म्हणतो तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आमोस मेंढपाळ होता, उंबरांची निगा राखणारा, राजकारणी नव्हता. मीखा ६:८ तर सगळ्यांना पाठ आहे, न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रतेने चाल.

आणि नवी मुंबईत राहून १ राजे २१ वाचला की वेगळाच लागतो. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून. अहाब राजा म्हणतो मला दे, बदल्यात चांगला मळा देतो नाहीतर पैसे घे. ऑफर तशी वाईट नाही! नाबोथ म्हणतो वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवते आणि एलीया संदेष्टा येऊन अहाबाला विचारतो, खून करून वर मालकीही घेतलीस का. आता सिडको, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात गोळीबारात पाच शेतकरी मेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मी कोणाला अहाब म्हणत नाहीये, गोष्ट एकास एक जुळत नाही आणि जुळवायचीही नाही. पण आमच्या गटात घणसोलीची एक आगरी ताई यायची, तिने हा अध्याय ऐकल्यावर म्हटलं, बायबलमध्ये आमच्यासारख्यांचं पण आहे होय. तेव्हापासून मी हा अध्याय राजकारण म्हणून गाळत नाही. लेवीय २५:२३ मध्ये देव म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. सिडकोच्या साठ वर्षांच्या लीजवर घर घेतलेल्या माणसाला हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

दया आणि न्याय यात फरक काय? आम्ही ख्रिसमसला ब्लँकेट वाटतो.

वाटा, थंडी खरी असते. फरक एपीएमसीत, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, जाऊन बघा. जड गोण्या पाठीवर वाहणाऱ्या हमालाला बाम आणि ब्लँकेट देणं ही दया. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं, १९६९ चा माथाडी कायदा आला, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी, सुट्टीचा पगार, हा न्याय. पहिल्यात देणारा मोठा दिसतो आणि घेणारा हात जोडतो. दुसऱ्यात कोणी कोणाचे आभार मानायची गरज नसते, म्हणून आपल्याला पहिलं जास्त आवडतं.

मी साधी गृहिणी आहे, मी काय न्याय करणार?

ताई, तुमच्या घरी एक माणूस कामाला येतो ना? मग तुम्ही मालक आहात. बायबलच्या भाषेत धनी.

मी माझंच सांगतो. आमच्याकडे मावशी कळव्याहून यायच्या, धुणं भांडी केर लादी. एका पावसाळ्यात लोकल बंद पडून त्या तीन दिवस आल्या नाहीत आणि आम्ही महिन्याच्या शेवटी तीन दिवस कापले. माझ्या ऑफिसने त्याच तीन दिवसांचा पूर्ण पगार मला दिला होता, घरी बसून. मला हे सुचलंही नाही. पुढच्याच आठवड्यात बायबल स्टडीची तयारी करताना लेवीय १९:१३ समोर आलं, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत ठेवू नको, आणि अनुवाद २४:१५, सूर्य मावळायच्या आत दे कारण त्याचं मन त्या पैशाकडे लागलेलं असतं. मग याकोब ५:४, कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरीच ओरडतेय. मजुरी ओरडते! पैसे माझ्या पाकिटात होते आणि तिथून ओरडत होते. मी बायकोला म्हटलं, ती म्हणाली मी तेव्हाच म्हणणार होते पण तूच हिशोब केलास. मावशींना दिले तर त्या म्हणाल्या राहू द्या दादा. कितीतरी वेळ ते राहू द्या डोक्यातून गेलं नाही, कारण त्यांना ते परत मिळतील असं वाटलंच नव्हतं.

आता आमच्याकडे महिन्याला चार सुट्ट्या पगारी, दिवाळीला एक पगार, आणि पगार एक तारखेला, माझा झाला असो वा नसो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, त्यात नोंदणी होते, फॉर्म भरायला मदत करा, त्यांना वेळ नसतो आणि काम करत असल्याचा दाखला मालक देऊ शकतो. आणि चहाचा कप वेगळा ठेवला असेल तर तो आजच काढून टाका, यासाठी वचन शोधत बसू नका.

मी सोसायटीच्या कमिटीवर आहे, तिथे ख्रिस्ती म्हणून वेगळं काय करायचं?

दोन गोष्टी. सर्व्हिस लिफ्टच वापरा अशी पाटी सामानासाठी असेल तर ठीक, माणसांसाठी असेल तर मीटिंगमध्ये बोला. दुसरी जास्त गंभीर. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये एसटीपी असतो, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, त्याला टाक्या. कॉन्ट्रॅक्टर दोन पोरं पाठवतो, मास्क नाही ऑक्सिजन नाही, खाली विषारी वायू, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी. २०१३ च्या कायद्याने अशी सफाई करायला लावणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. सगळ्यात स्वस्त कोटेशन पास करताना तुम्ही हात वर करता तेव्हा विचारा की हे स्वस्त कशामुळे आहे. भावाचा खून केलेल्या काइनाला देवाने विचारलेला प्रश्न सोसायटीच्या मिनिट्समध्ये येत नाही, पण तो तिथेच विचारला जातो, तुझा भाऊ कुठे आहे.

मत्तय २० मधली द्राक्षमळ्याची गोष्ट मला पटत नाही. एक तास काम करणाऱ्याला पूर्ण दिवसाची मजुरी, हा कुठला न्याय?

मला पण वर्षानुवर्षं पटली नव्हती, ऑफिसमधल्या अप्रेझलच्या डोक्याने वाचत होतो ना. मग एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी बिगारी आणायला नाक्यावर गेलो. साडेआठला गर्दी, थापी, घमेलं, रंगाचे ब्रश घेऊन गवंडी, बिगारी, रंगारी उभे. एक टेम्पो थांबला की सगळे धावतात आणि मुकादम दंड बघून माणूस निवडतो, तरणे आधी. दहाला निम्मे गेले. मी दुपारी दीडला परत तिथून गेलो तर सात-आठ जण अजून उभे, एक साठीचे काका, एक पाय अधू असलेला, दोन बायका. तेव्हा मला ते वचन ऐकू आलं, मालक विचारतो दिवसभर इथे रिकामे का उभे, ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आळशी नव्हते ते. उरलेले होते.

आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्यावर एका घरची चूल पेटायची. एक बारांश दिनारात चूल पेटत नाही, उशिरा काम मिळालं म्हणून पोरांना कमी भूक लागत नाही. मालकाने पहिल्यांना ठरलेलं पूर्ण दिलं, एक पैसा कापला नाही, म्हणजे न्याय झाला. आणि शेवटच्यांना गरजेएवढं दिलं, ही कृपा. आपल्याला दुखतं ते आपलं कमी झालं म्हणून नाही, त्याला मिळालं म्हणून. मालक हेच विचारतो, मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात दुखतंय का. माझ्या तर दुखलं होतं, ज्युनियरला माझ्याएवढा बोनस मिळाला तेव्हा.

काम अडलंय, चिरीमिरी दिली तर चालेल का?

नाही. निर्गम २३:८, लाच डोळसाला आंधळं करते. पण दोघांचं पाप सारखं नाही, हक्काच्या कागदासाठी पिळला जाणारा आणि पिळणारा यात फरक करा. आणि तुम्ही खुर्चीवर बसणारे असाल तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना नोकरी सोडा असं म्हटलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटलं.

नवरा मारतो. मंडळीतल्या वडिलांनी (पुढाऱ्यांनी) सांगितलं क्षमा कर, सत्तर वेळा सातपट, घरी जा.

हा प्रश्न मला एकदा नाही, तीन वेगवेगळ्या बहिणींकडून आलाय म्हणून इथे लिहितोय. ताई, घरी जाऊ नका, जिथे सुरक्षित आहात तिथे राहा. सत्तर वेळा सातपट हे मत्तय १८ मध्ये आहे आणि त्याच अध्यायात थोडं वर, १५ ते १७ मध्ये, ज्याने अपराध केला त्याला दाखवून द्या, ऐकलं नाही तर साक्षीदार न्या, तरी नाही तर मंडळीला सांगा असं आहे. वडिलांनी वरचं पान वाचलं नाही. क्षमा म्हणजे सूड सोडणं, हात उचलणाऱ्याच्या समोर परत जाऊन उभं राहणं नव्हे. योसेफाने त्याला विकणाऱ्या भावांना मिठी मारली ती त्यांची पारख केल्यावर, उत्पत्ती ४२ ते ४५ सावकाश वाचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तुम्हाला संरक्षणाचा आदेश मागता येतो आणि त्याच घरात राहायचा हक्कही आहे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. पोलिसात गेल्याने ख्रिस्ती म्हणून आपली साक्ष बिघडत नाही. मारल्याने बिघडते.

ख्रिस्ती मंडळीत जात नसते ना?

नसायला पाहिजे, गलती ३:२८ आहे, ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, सगळे एकच. पण तुमचं मूळ गाव कुठलं, आडनाव काय, हे प्रश्न लग्नाच्या वयाची मुलगी घरात असली की आपल्याकडेही कसे विचारले जातात ते सगळ्यांना माहितीये. आपल्यातल्या कितीतरी जणांचे पणजोबा गावकुसाबाहेरून आले, काही ब्राह्मण घरांतून आले, एकाच प्याल्यातून प्रभूभोजन घेतलं आणि तिसऱ्या पिढीत पुन्हा कुजबुज. कायद्यातही गाठ आहेच, १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, दलित ख्रिस्ती अजून बाहेर. त्यासाठी अर्ज, मोर्चे करावेतच. पण सरकारला जात दिसत नाही म्हणून ओरडताना स्थळं बघायच्या वहीत आपल्याला ती स्पष्ट दिसते, हे जरा अवघडच आहे.

मदत करताना सुवार्ता सांगायची की नाही?

कोणी विचारलं तर आनंदाने सांगा, संविधानाच्या कलम २५ ने तो हक्क दिलाय. पण मदतीच्या बदल्यात कधीच नाही. फीचा चेक एका हातात आणि उपासनेला येण्याचा आग्रह दुसऱ्या हातात असेल तर आपण कृपेची किंमत लावली, आणि किंमत लावली की ती कृपा राहिलीच नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला. बाकीच्या नऊ जणांचा रोग त्याने परत लावला नाही.

मी खूप सेवा करते, महिला मंडळ, दवाखान्यातल्या भेटी, सगळं. पण आतून कोरडं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं ऐका. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, म्हणजे आज्ञापालन आणि न्याय दोन्ही जोरात चालू. आणि तरीही त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त अजून हवाय. एवढ्या मोठ्या बाईने हे कबूल केलं. त्यांचं सगळ्यात मोठं काम त्याच्या नंतरचं आहे, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, केडगावचं मुक्ती मिशन, आणि हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. तेव्हा पुढच्या महिन्यात दोन भेटी कमी करा, कोणी रागावणार नाही. नुसतं पंगतीला बसा, वाढायला उठू नका.

एकच पुस्तक वाचायचं तर कुठलं?

फिलेमोन. २५ वचनं, ठाण्याहून बसलात तर रबाळे यायच्या आत होतं. पळून गेलेला गुलाम अनेसिम, त्याचा मालक फिलेमोन, आणि मध्ये तुरुंगातला पौल, जो लिहितो की त्याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे, आणि त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. कृपा, आज्ञा, न्याय, सगळं उधारीच्या वहीतल्या एका ओळीत. पुढच्या बुधवारी हेच घेतोय, येताना वाचून या.

उपासनेनंतरच्या चहाचे पैसे कोण देतं?

अर्पणातून जातात. पण चहा आणून देणाऱ्या काकूंचं मागच्या दोन महिन्यांचं बिल राहिलं होतं, खजिनदार म्हणाले सह्या बाकी आहेत. रविवारी दोघांच्या सह्या घेतल्या आणि काकूंना तिथेच दिले.